ओतून टाकलेलं पाणी

मी चार यत्ता शिकलेली. लिहिताना चुकेन, पण लपवणार नाही.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये मी मुलाकडे, राजीवकडे, अमेरिकेत सांता क्लाराला होते. त्याने युटाच्या दऱ्यांत पाठीवर सामान बांधून पाच दिवस चालायची सहल ठरवली. बरोबर सून पद्मिनी, ऑफिसातले दोघे आणि वाटाड्या रॉय.

"आई, झेपेल ना तुला?"

"डोक्यावर भारे वाहिलेत मी. तुझ्या बायकोला विचार."

रॉय सारखा बजावायचा आणि राजीव मला मराठीत सांगायचा, तहान नसली तरी पाणी प्या. मी पद्मिनीला बाजूला घेतलं. "घोटभरच पी. इथे आडोसा नाही. चार पुरुषांत कुठे बसशील?"

"रॉय बाटली बघतो, आई."

"मग ओतून टाक थोडं. अक्कल माझ्याकडूनच घ्यायची का?"

मी स्वतः पीत होते. म्हातारीकडे कोण बघतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी कड्याखालच्या जुन्या, ओसाड घरांपाशी पोचलो. हजार वर्षांपूर्वीची, म्हणे. भिंतीच्या लिंपणात बोटं उमटलेली, बारीक, बाईचीच. मी सुनेला दाखवायला वळले, तर ती मान टाकून बसलेली.

"नाटकं पुरे, ऊठ."

ती उठली, दोन पावलं चालली आणि कोसळली. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. डोळे उघडे, पण ओळख नाही.

रॉयने तिची बाटली हलवली. रिकामी. राजीव म्हणाला, "पाणी तर पीत होती. दमलीय." रॉयने तिला सावलीत निजवलं, ओली फडकी ठेवली. थोडं थांबून बघू, म्हणाला.

खरं मला एकटीलाच माहीत. मला इंग्रजी येत नव्हतं. रॉयला सांगायचं तर राजीवच्या तोंडून सांगावं लागणार.

तासभर मी फडकी भिजवत बसले. मग तिला झटके आले.

"राजीव, ती प्यायली नाही रे. मीच ओतायला सांगितलं. कालपासून लघवीलाही गेली नाही."

 त्याने रॉयकडे वळून एकेक शब्द सांगितला. रॉय शिवी हासडून मदतीसाठी वर धावत सुटला.

हेलिकॉप्टर आलं तोवर ऊन कललं होतं आणि पद्मिनी गेली होती. उतरलेल्या माणसाने वही काढून विचारलं, काय झालं. राजीवने सगळं पुन्हा सांगितलं. त्यातलं ‘माय मदर’ एवढंच मला कळलं.