डावीकडची सीट

संकेतनं दुर्बीण आईच्या हातातून काढून घेतली आणि बाबांच्या हातात कोंबली.

"आई, तू जीपमध्ये बस. आज बाबाच सांगतील."

अलकनंदाबाई हलल्या नाहीत. जैसलमेरच्या पुढच्या त्या कुंपण घातलेल्या गवताळ वाळवंटात सकाळचे आठ वाजले होते. वारा अंगाला झोंबत होता आणि त्या शाल घट्ट लपेटून नवऱ्याच्या खांद्याला लागून उभ्या होत्या. तीन दिवस त्या अशाच उभ्या राहत होत्या. पक्षी दिसला की त्या पुटपुटायच्या, "बोरीखाली, दोन," आणि लगेच मुकुंदराव मोठ्यानं जाहीर करायचे, "ते पाहा, बोरीखाली दोन." संकेतच्या बायकोला, ऋताला, ही म्हातारपणीची गोडीगुलाबी वाटली होती. संकेतला मात्र पहिल्याच दिवशी संशय आला.

खरं तर तो सहलीच्या नावाखाली बापाच्या नजरेचं पाणी जोखायलाच आला होता. मुकुंदराव बालाघाटच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. वीस वर्षं दर जूनमध्ये वैनगंगेकाठच्या धानाच्या बांध्यांतून सारस मोजणाऱ्या तुकडीचे ते म्होरके, आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेला त्यांचा फोटो दरवर्षी पेपरात यायचा. दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी भरवेलीच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीनं एका सायकलवाल्याला उडवलं. खाणीतली पाळी संपवून घरी निघालेला प्रेमलाल. त्याच्या मांडीत सळई घालावी लागली, अजून तो कुबडीवर होता. "सायकलीले लाइट नव्हता," एवढं एकच वाक्य मुकुंदरावांनी धरून ठेवलं आणि आठवडाभरात ते पुन्हा गाडी घेऊन बाजारात जायला लागले. गाडी सोडा म्हणून नागपूरहून फोनवर भांडून भांडून संकेतचा घसा बसला. मग त्यानं माळढोकाचं आमिष दाखवलं. हा एक पक्षी बापानं जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांनी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. तिकिटं काढताना आपण फार चांगला मुलगा आहोत, असंही संकेतला घटकाभर वाटून गेलं.

"साहब, गोडावण," जीपवाला खेमराज दबक्या आवाजात म्हणाला. माळढोकाला तिकडे गोडावणच म्हणतात. "बाएँ देखिए. झाड़ी के पीछे."

डावीकडे झुडपामागून एक उंच पक्षी सावकाश गवतात आला. ऋतानं श्वास रोखला. संकेतनं बापाचे खांदे धरले आणि त्यांना उजवीकडे वळवलं.

"बाबा, समोर. काय दिसते, सांगा."

"संकेत, असं नको करूस," ऋता हळूच म्हणाली. त्यानं कानाडोळा केला.

मुकुंदरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. तिचं चाक फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं. पाय थोडे फाकवून, मान पुढे काढून ते उभे राहिले. उभं राहण्याचा सगळा रुबाब अगदी पेपरातल्या फोटोसारखा. मग त्यांचा कान बायकोच्या बाजूला किंचित कलला. अलकनंदाबाईंनी तोंड उघडलं.

"आई, एक शब्द नाही."

मुकुंदरावांनी मान पुन्हा सरळ केली.

"नर आहे," मुकुंदराव म्हणाले. "पांढरी मान. डोक्यावर काळी टोपी. हळूहळू चालून राह्यला, पाहा."

समोर कुंपणाचा सिमेंटचा खांब होता. चुना फासलेला, वरच्या टोकाला डांबर. खेमराजनं एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि खाली बसून त्यानं आपल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"खांब आहे तो, बाबा. कुंपणाचा."

मुकुंदरावांनी दुर्बीण खाली घेतली नाही. संकेतला आनंद झाला. बापाला चारचौघांत पकडल्याचा उघडा, हलकट आनंद, आणि तो झाला म्हणून त्याला स्वतःचाच राग आला, तोही त्यानं बापावरच काढला.

"आंधळ्यावानी गाडी चालवता, अन् त्याच्या लाइटचे बहाने सांगता."

"तू मले फिरवाले आणलं का परीक्षा घ्याले?"

"परीक्षा घ्याले. अन् नापास झाले तुम्ही. किल्ली द्या."

बालाघाटच्या गाडीची किल्ली वाळवंटातही त्यांच्या खिशात होती. रोज सकाळी ते ती चाचपून पाहत, संकेतनं पाहिलं होतं.

"नाही देत. काय करशील?"

"प्रेमलालले दोन लहान पोरी आहेत, बाबा. त्याचा पाय तुम्ही मोडला. लाइटनं नाही, अंधारानं नाही, तुम्ही. एक बार म्हणा तरी."

"हौ," मुकुंदराव म्हणाले. "मीच मोडला."

इतक्या चटकन की संकेत गडबडला. दोन महिने जो माणूस सायकलीच्या लाइटवरून तसूभर हलला नव्हता, त्यानं खिशात हात घालून किल्ली काढली आणि अंदाजानं पुढे धरली. संकेतला ती पकडायला एक पाऊल सरकावं लागलं.

"झालं तुह्या मनासारखं? आता हा विषय बंद. तुह्या आईसमोर पुन्हा काढायचा नाही."

"आईसमोर काहून नाही?"

"नाही म्हटलं ना." मग ते बायकोच्या दिशेनं वळले आणि त्यांचा आवाज चढला. "तू जीपमध्ये बस. थंडी आहे. चाल, बस."

अलकनंदाबाई बसल्या नाहीत.

"दोन वर्षांपासून गाडी हे चालवत अन् रस्ता मी सांगत होती," त्या म्हणाल्या. "बाजूच्या सीटवरून. गाय आली, थांबा. मोटरसायकल आली, घ्या इकडं. त्या सायकलवाल्याच्या दिवशी म्हटलं, डोळ्याचं आता संकेतले सांगून देऊ. तं हे भडकले. काय नाही ते बोलले मले. मंग मी अबोला धरला. गाडीत बसली, पण तोंड उघडलं नाही."

"अलका, पुरे."

"पुरे काहून? तुम्ही नाही सांगितलं, म्हणून मीबी नाही सांगायचं का?" नवऱ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या. "मले दिसला होता तो सायकलवाला, संकेत. लांबूनच दिसला होता. मनात आलं, लय ऐट आहे ना ह्यायले, आज पाहू द्या ह्यायचं ह्यायलेच."

डावीकडे माळढोक पंख उघडून जड अंगानं वर उठला आणि गवतावरून निघून गेला. एकट्या खेमराजनं तो पाहिला.

ऋता नकळत एक पाऊल मागे सरकली. मुकुंदराव दुर्बिणीचा पट्टा हाताला गुंडाळत राहिले. किल्ली संकेतच्या उघड्या तळहातावर तशीच होती. अलकनंदाबाई मुलाच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यायची किल्ली घेतली तू," त्या म्हणाल्या. "आता माह्याकडून काय घेतो?"