उरलेला पाला

थोरल्याने तुतीला नावं ठेवायची एकही संधी सोडली नव्हती. बांधापलीकडे धाकट्या भावाच्या बायकोने रेशीमकिडे पाळले होते आणि किड्यांनी खाऊन उरलेला पाला ती शेळ्यांना घालायची. डेअरीवर चारचौघांत तो म्हणाला होता, "असलं उष्टं पुढे टाकलं तर माझी गाय माझं तोंड बघणार नाही."

मग कडबा संपला. हिरवा चारा कुठे मिळेना, गाय आटत चालली. एका पहाटे तो विळा घेऊन गुपचूप बांध ओलांडून गेला. गाईने तुतीचा पाला फस्त केला. चार दिवसांत दूध वाढलं. डेअरीवाल्याने कारण विचारलं, तेव्हा "पेंड बदलली" म्हणून तो मोकळा झाला. पहाटेची फेरी मात्र चालूच राहिली.

एका सकाळी भावजय डोक्यावर तुतीचा भारा घेऊन लांबच्या वाटेने येताना दिसली.

"अगं, घरची तुती असताना?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"पुरेना, दादा. किड्यांचे कोष करायचे दिवस जवळ आलेत. आता त्यांचं तोंड थांबत नाही. म्हणून दुसऱ्यांकडून पाला मागून आणला."

तेवढ्यात गाय हंबरली. दाव्याला हिसका देऊन खुंट्यासकट बाहेर आली आणि तिने सरळ भाऱ्यात तोंड घातलं. भावजयीने आधी गाईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने मान खाली घातली.

"मागितला असतात तर दिला असता," ती हळूच म्हणाली. "किड्यांचा उरलेला पाला शेळ्यांना पुरून उरतो."

त्याने गाय बांधली, भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि तिच्या शेडपर्यंत नेला. आत फळ्यांवर किडे माना वर करून पाला चाचपत होते. एका कोपऱ्यातले मलूल पडले होते.

"हे?"

"त्यांना पाला पुरला नाही. ते काही जगायचे नाहीत."

दोघांनी पाला पसरला. तो निघाला तेव्हा तिने किड्यांनी खाऊन उरलेल्या फांद्यांची मोळी त्याच्यापुढे धरली. घेऊ नये असं त्याला फार वाटलं. पण घरी गाय उपाशी होती. त्याने मोळी घेतली आणि भरदिवसा, सगळ्यांच्या देखत, रस्त्याने घरी नेली.