राखेत उभे सासरे

आगीत सगळी बाजारपेठ जमीनदोस्त झाली. माणसं वाचली ही देवाची दया. पण कुणाचं घर कुठे होतं, ते आता देवालाच ठाऊक. ज्याची जागा त्याला परत मिळावी म्हणून नगरपालिकेने दोघांना जुंपलं. नकाशावाला जुना नकाशा घेऊन बसला आणि फोटोग्राफर जळक्या जागांचे फोटो काढत फिरला. ढिगाऱ्याची उंची कळायला शेजारी माणूस हवा, म्हणून त्याने आपल्या सासऱ्यांना उभं केलं. सासरे मोठे हौशी. एकही फोटो त्यांनी सोडला नाही.

फोटोंवर आकडे घालण्याआधीच सासऱ्यांच्या हातून पेटी उपडी झाली आणि सगळा क्रम गेला. आता जिकडे तिकडे विटांचा ढीग आणि सासरे, विटांचा ढीग आणि सासरे.

नकाशावाल्याने पेन्सिल कानामागे खोचली. “अंदाजाने मी लिहिणार नाही. एकाची जागा दुसऱ्याला गेली तर जन्मभर शिव्या खाईन.”

सासऱ्यांसोबत आलेल्या सासूबाईंनी चष्मा लावला. “हे न्हाव्याचं दुकान.”

“कशावरून?” जावयाने विचारलं.

“हनुवटी बघा ना, खुर्चीत बसल्यासारखी वर गेलीय.”

नकाशावाल्याने भिंग धरलं. फोटोत मागे नळ होता. नकाशातही न्हाव्यामागे नळच. पेन्सिल कानामागून खाली आली.

“हा डॉक्टर. पोट आत ओढलंय. हे देऊळ, मान आपोआप झुकलीय. एवढं तरी पुण्य गाठीला आहे. आणि ही कुठली जागा हो? इतके खुशीत तर तुम्ही आपल्या लग्नातही उभे नव्हता.”

सासरे खिडकीबाहेर पाहू लागले.

“वाचनालय असेल, वहिनी,” नकाशावाला खोकला. “म्हणजे त्याच्या मागची पत्त्यांची खोली.”

“तुम्हाला बरी माहीत.”

नकाशावाला नकाशात तोंड खुपसून बसला.

शेवटच्या फोटोत ना भिंत, ना दार. सासूबाईंनी तो बराच वेळ हातात धरला. “हे आमचं घर.”

सासरे राखेत अनवाणी उभे होते. बूट बाजूला, जोडीने नीट लावलेले.

“मामा, राखेत जायला बूट काढलेत?” जावयाने विचारलं.

“तसाच आत गेलो असतो तर ही ओरडली असती.”

“आणि बाहेर येताना पाय झटकलेत का?” सासूबाईंनी विचारलं, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

नकाशावाल्याने पेन्सिल ठेवली आणि त्या घराचा आकडा शाईने लिहिला.