चालू आहे

पेंटरने स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेतला, असं शेजारचा न्हावी म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

झालं असं. नगरपालिकेने त्या वर्षी ठरवलं, की ज्या घरात धंदा चालतो त्या घराला दुकानाचा दर लावायचा. घरपट्टी दुकानाची, पाणीपट्टी दुकानाची, कचरा उचलायचे पैसेही दुकानाचे. गटाराचं काम अर्धवट पडलं होतं, तिजोरीत खडखडाट होता, तेव्हा पैसा कुठून तरी काढायचाच होता. मग एक मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात फीत घेऊन गल्लोगल्ली फिरायला लागली. लोक तिला मोजणीवाली म्हणायचे. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की ज्याचं त्याचं दुकान घाईघाईने घर व्हायचं. कोणी वजनकाट्यावर चादर टाकायचा, कोणी शिकवणीच्या मुलांना मागच्या दाराने बाहेर काढायचा.

पेंटरच्या घरी ती आली तेव्हा मात्र रस्त्याकडच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत दिवा लागलेला. शिलाई मशीन पुसून लख्ख. खिळ्यांना लोकांचे कपडे टांगलेले. बाहेर भिंतीवर मोठाल्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं: शिवणकाम. दुरुस्ती. आत या.

"दुकान चालू आहे ना?" तिने विचारलं.

"चालू आहे," पेंटर म्हणाला.

"बाई कुठे आहेत?"

"जरा बाहेर गेलीय. येईल इतक्यात. बसा, चहा टाकतो."

मोजणीवालीने चहा घेतला, खोलीचं माप घेतलं आणि पुढच्या घराकडे गेली.

पेंटरची बायको त्याआधीच्या थंडीत वारली होती.

त्या पोरीला फसवावं असं त्याच्या मनात नव्हतं. बायको रोज उठली की आधी ते दार उघडायची, दिवा लावायची, मग चूल. ती गेल्यावर पेंटरने दोन दिवस दार बंद ठेवून बघितलं, तर घरात श्वास घेववेना. मग तो स्वतःच उघडायला लागला. मशीनला तेल घालायचा, कपड्यांवरची धूळ झटकायचा. कोणी बाई दारात आली की म्हणायचा, "बाहेर गेलीय, उद्या या." गल्लीतल्या बायकांना सगळं माहीत होतं. त्या मान हलवायच्या आणि जायच्या. 'वारली' हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. ही मोजणीवाली दुसऱ्या भागातली. तिला कोण सांगणार?

बिल आलं तेव्हा पेंटरने ते उलटंपालटं करून बघितलं आणि न्हाव्याकडे नेलं. न्हाव्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण गिऱ्हाईक असो नसो, तो चालूच असायचा.

रेडिओने बिल वाचलं आणि पहिल्यांदाच थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कमाल आहे. वहिनी रात्रंदिवस शिवत होत्या तेव्हा हे घर होतं. आता टाका पडत नाही, तर दुकान झालं."

"किती दिवसांत भरायचं?"

"भरायचं? कशाने भरणार? तुझ्याकडे रंगाचे रिकामे डबे सोडून काय आहे?"

तेही खरंच होतं. गावातले निम्मे बोर्ड एके काळी पेंटरच्या हातचे. मग छापील बोर्ड आले, तासाभरात तयार, वर मालकाचा फोटो फुकट. पेंटरचा ब्रश सुकला तो सुकलाच. पुढे घर चाललं ते त्या मशीनवर. आता ना मशीन चालत होतं, ना पेंटरचा हात. बोटं थरथरायची. मुलगी परगावाहून थोडंफार पाठवायची, त्यात एका माणसाचं पोट भागायचं. दुकानाचा दर म्हणजे आधी नळ तोडणार, मग घरावर जप्ती. कोपऱ्यावरच्या शिकवणीवाल्या मास्तरांचा नळ तोडून गेलेच होते. मास्तर बादली घेऊन दारोदार फिरताना दिसायचे आणि ओळख देत नसत.

"हरकत घे," रेडिओ म्हणाला. "सुनावणी असते. जायचं आणि सांगायचं, दुकान बंद आहे. एवढं तीन शब्दांचं काम. जमेल का?"

पेंटर बिलाची घडी घालत राहिला. रेडिओने त्याच्याकडे बघितलं आणि गल्ला बंद केला. "मी येतो बरोबर."

सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या सभागृहात होती. पंखा फिरत होता, वारा लागत नव्हता. समोर अध्यक्षबाई, त्यांच्या बाजूला करअधिकारी आणि टोकाला मोजणीवाली. लोक भिंतीशी उभे. आपापल्या घरात कुठलाही धंदा कसा चालत नाही, हे जो तो शपथेवर सांगत होता. एक जण म्हणाला, माझ्या घरातल्या चार सायकली माझ्या हौसेच्या आहेत. अधिकारी म्हणाला, मग त्यांच्यावर भाड्याचे दर कशाला लावलेत, हौसेने? सगळे हसले. तो माणूस हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

पेंटरचा नंबर आला.

"तुमची हरकत काय?"

पेंटरने तोंड उघडलं. "दुकान..." तो म्हणाला आणि थांबला.

"मोजणीच्या दिवशी दुकान उघडं होतं," अधिकारी कागद बघून म्हणाला. "दिवा चालू. कपडे टांगलेले. तुम्ही स्वतः सांगितलंत, चालू आहे म्हणून. मालकीणबाई बाहेर गेल्यात म्हणून. हे खरं की खोटं?"

"खरं," पेंटर म्हणाला.

"मग हरकत कसली घेताय, काका?"

मागून रेडिओ पुढे आला. "साहेब, वहिनी वारल्या. गेल्या थंडीत. याला बोलवत नाही, म्हणून मी सांगतो."

मोजणीवालीने एकदम वर बघितलं. तिला तो चहा आठवला असावा.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "शिवणाऱ्या बाई? अहो, माझा कोट आहे त्यांच्याकडे. मला वाटलं, त्यांना वेळ झाला नाही, म्हणून मीही तगादा लावला नाही." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्या जरा वेळ कागद नीट करत बसल्या.

तरी नियम तो नियम. अधिकारी वाईट माणूस नव्हता, पण भिंतीशी पन्नास जण उभे होते आणि सगळ्यांचे कान तिकडे होते. त्याने सांगितलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहणी होईल. मशीन हललं पाहिजे, गिऱ्हाइकांचे कपडे गेले पाहिजेत, बोर्ड निघाला पाहिजे, रस्त्याकडचं दार बंद पाहिजे. हे झालं तर निवासी दर. यातलं एक जरी राहिलं, तर वर्षभर दुकान, आणि पुन्हा हरकत घेता येणार नाही.

"बोर्ड नाहीये, साहेब," रेडिओ म्हणाला. "भिंतीवरच लिहिलंय."

"मग भिंतीवरून काढा."

परगावाहून पेंटरची मुलगी आली. तिने आईसारखाच पदर खोचला आणि कामाला लागली. कपडे ज्याचे त्याला पोचवले. अध्यक्षबाईंचा कोट निघाला, अस्तर एका बाजूने उसवलेलं, सुई तिथेच टोचलेली. मुलीने सुई काढायला हात घातला, तर पेंटर म्हणाला, "राहू दे. टोचेल तुला."

"बाबा, त्यांना टोचेल ना."

मग त्याने स्वतःच काढली आणि शर्टाच्या कॉलरच्या मागे खोचून ठेवली.

मशीन टेम्पोत चढवताना मुलगी म्हणाली, "माझ्याकडेच तर नेतेय. कुठे विकतेय का? तुम्हीही चला ना माझ्याबरोबर."

"इथे कोण राहील?"

"इथे कोण आहे, बाबा?"

ती रडली, चिडली, पुन्हा रडली, आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. तिच्याही घरी माणसं वाट बघत होती.

राहिली भिंत. पेंटरने चुना भिजवला आणि अक्षरांवर दोन हात मारले. रेडिओ वस्तरा पुसत बाहेर आला, बघत राहिला.

"ऑइलपेंटवर चुना?" तो म्हणाला. "तू? अरे, तुझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर कानफटात मारली असतीस."

"बसेल."

"बसेल तर. चार दिवसांत पोपडे धरेल. तुला माहीत नाही होय?"

पेंटरला माहीत होतं. लग्नानंतर त्याने ती भिंत घासून, रंगाखालचं अस्तर देऊन, तीन हात मारून लिहिली होती. पोटापाण्यासाठी लिहिलेले बोर्ड चार पावसाळ्यांत उडायचे. हा उडू नये म्हणून जे जे येत होतं ते सगळं त्याने त्या भिंतीत घातलं होतं. 'आत या' त्याच्या मनात नव्हतं. बायको म्हणाली, माणसं दारात घुटमळतात, बोलायला लाजतात, तर लिहूनच टाका. शिडीवरून उतरून तो पुन्हा चढला होता.

पाहणीच्या सकाळी चुना सुटला. पोपडे खाली पडले होते आणि निळी अक्षरं पहिल्यापेक्षा स्वच्छ उभी होती.

मोजणीवाली आली. खोली बघितली, रिकामी. भिंत बघितली.

"काका, मी काय लिहू सांगा."

पेंटरने पायाने पोपडे बाजूला सारले.

"मला दिसतं ते लिहावं लागतं. एकदा तुम्ही सांगितलं ते लिहिलं, तर काय झालं बघितलंत ना." तिने गल्लीकडे नजर टाकली. "मी शेवटच्या घरापासून सुरू करते. तुमच्याकडे शेवटी येते. तोवर खरवडा."

पेंटरने रंग खरवडायचा पत्रा आणला. रेडिओ म्हणाला, "दे, मी करतो." पेंटरने दिला नाही. तो 'शिवणकाम'पासून सुरू झाला. अस्तर चांगलं दिलेलं, त्यामुळे रंग सुटेना, गिलावा निघाला. बोटं थरथरत होती, पण पत्रा हातात धरल्यावर थांबली. कित्येक वर्षांत ती अशी थांबली नव्हती. निळा चुरा त्याच्या दंडावर, पापण्यांवर बसला. रेडिओने खुर्ची आणून शेजारी ठेवली आणि तिथेच उभा राहिला, गिऱ्हाईक आत तोंडाला साबण लावून बसलं असतानाही.

मोजणीवाली परत आली तेव्हा 'आत या' तेवढं राहिलं होतं.

"एवढं राहू द्या," पेंटर म्हणाला. "यात धंदा कुठे आहे, बाई? पाहुण्यालाही माणूस असंच म्हणतो."

"मी राहू देईन, काका. मोठे साहेब फेरी मारतील तेव्हा काय सांगू? मग माझं कामही जाईल आणि तुमचं घरही."

पेंटर भिंतीकडे वळला. तिने वहीत डोकं घातलं, ती बघत नव्हती. पत्र्याचा आवाज थांबेपर्यंत तिने वर बघितलं नाही.

मग तिने नेहमीचे प्रश्न विचारले. विचारावेच लागायचे.

"दुकान चालू आहे?"

"नाही."

"चालवणाऱ्या..." ती थांबली. "इथे भरावं लागतं, काका. कारण."

रेडिओने तोंड उघडलं. पेंटरने हात वर करून त्याला थांबवलं.

"वारली," तो म्हणाला. आवाज कापला नाही. कुणी दुसऱ्यानेच बोलावं तसा आला.

मोजणीवालीने लिहिलं. "म्हणजे निवासी. मग राहणारी माणसं किती?"

पेंटरने खोलीत बघितलं. मशीनच्या पायांचे ठसे फरशीवर दिसत होते.

"एक."

तिने सही घेतली. दार बंद करून घ्या म्हणाली, बंद दिसलं पाहिजे. पेंटर आत गेला, दार ओढलं आणि कडी लावायला गेला, तर कडी हलेना. रात्रीही दार नुसतं लोटायचे, ती कधी लावलीच नव्हती, आणि दाराला रंग देताना दर वेळी त्याने तिच्यावरूनच ब्रश फिरवला होता. ती रंगात गाडली गेली होती. त्याने पत्र्याची मूठ उलटी धरली आणि ठोकायला लागला. बाहेर रेडिओ आणि मोजणीवाली तो आवाज ऐकत उभी होती. कडी बसली तेव्हाच ती दोघं हलली.