राखेतली चौकट

मित्रांनो, चार सागवानी पट्ट्या आणि कोपऱ्यांत ठोकलेले खिळे, एवढंच माझं अंग. मी एक जुनी चौकट आहे. पुण्याला विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलं मला रानात जमिनीवर ठेवत आणि माझ्या आत काय काय जगतं ते मोजत. आता मला वाळवी लागली आहे, पण माझा राग अजून शाबूत आहे.

१९६१च्या पावसाळ्याअखेर त्यांच्यातलीच एक, पौडच्या एका दुकानदाराची मुलगी शाहजादी, मला ताम्हिणीच्या देवराईत घेऊन गेली. तिने मला पाचोळ्यावर ठेवलं. आत अंजनीची रोपं, नेचे, अळंबी, गोगलगाई! "एवढ्याशा जागेत केवढं गाव वसलंय!" ती म्हणाली. मी सुखावले.

शिमग्याच्या सुमारास तिच्या वर्गाच्या सरांबरोबर आम्ही पुन्हा गेलो, तर अर्धी राई भुईसपाट. कोळशाच्या भट्ट्या धुमसत होत्या. खालचा बारमाही झरा आटला होता. तिथे गावातली सारजाबाई रिकामा हंडा घेऊन उभी होती.

"देवाचं म्हणून आमी काडी उचलली न्हाई," ती कडाडली, "आन् त्या कोंडाजी पाटलानं ठेकेदाराला रान देऊन टाकलं!"

सर म्हणाले, "चौकट पलीकडे हिरव्यात टाका. परीक्षेला आकडे हवेत."

शाहजादीने मला राखेत आदळलं. "सर, मी इथलाच आकडा लिहिणार. शून्य."

"गुण मिळणार नाहीत."

"नकोत!"

मला खांद्याला अडकवून ती सारजाबाईसह पाटलाच्या दारात गेली आणि त्याला राईत घेऊन आली. उरलेल्या झाडांखाली मला ठेवून म्हणाली, "मोजा." पाटील उकिडवा बसला. रोपं, किडे, बोटांना लागलेली ओल. मग तिने मला राखेत ठेवलं.

"आता इथे मोजा!"

पाटलाने राख उकरून पाहिली. खाली काहीच नव्हतं.

"नातवंडांना पानी कुटनं पाजशील रं?" सारजाबाईने विचारलं.

त्याच दिवशी पाटलाने ठेकेदाराची माणसं हाकलली. अर्धी राई वाचली. तुटलेली अर्धी मात्र पुन्हा उभी राहिली नाही, आणि झरा दर उन्हाळ्यात आटू लागला. शाहजादीचे गुण कापलेच. मला कपाटामागे फेकलं. आता मुलं फळ्यावरच्या चित्रांतून जंगल शिकतात आणि पासही होतात!

मित्रांनो, रान उभं आहे तोवर त्यात जाऊन शिका. आणि कुणी कुऱ्हाड घेऊन आला, तर वही मिटा आणि त्याच्या वाटेत उभे राहा.