एक चूल, एक खोरं

पाटात उतरलेल्या माणसांकडं बघून थोरलीला हसू आलं, आणि ते तिनं लपवलंही नाही. चाळीस घरांचं गाव, आणि गाळ काढायला आलेले सोळा. त्यातल्या दोघांना कंबर नाही, एकाला डोळे नाहीत आणि जीपवाल्याला लाज नाही. तो काठावर बुड टेकून खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी ठेवून बसला होता, जसं काही खोरंच त्याला सांभाळायला आणलंय.

नियम थोरलीच्या सासऱ्याचा. पाणी सुटायच्या आदल्या दिवशी दर घरातून एक माणूस पाटात उतरायचा, आपल्या वाट्याची वीस पावलं साफ करायचा. माणूस घरचाच हवा, एका चुलीवर जेवणारा. भाड्याचा चालणार नाही. ज्याची वीस पावलं राहिली त्याची पाण्याची पाळी गेली. एक चूल, एक खोरं. पन्नास वर्षं थोरली हा नियम दागिन्यासारखा मिरवत आली होती. आज तोच गळ्याला काचत होता. तिच्या घरात चूल होती, खोरं होतं, धरायला हात नव्हते. आणि गहू पोटरीवर आलेला. हे पाणी चुकलं तर ओंबीत दाणा भरणार नव्हता.

हातांचं काय झालं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. डोंगरात खाण निघाली आणि गावाच्या अंगात वारं शिरलं. कुठून कुठून माणसं खणायला आली. त्यांना राहायला जागा हवी, म्हणून लोकांनी गुरं विकली, गोठे सारवले, मधे पत्रे ठोकले आणि त्याला खोल्या म्हणायला लागले. बैलाच्या जागी भाडेकरू बांधला, एवढाच फरक. जीपवाल्यानं बैलजोडी देऊन जीप घेतली. पोरं खाणीच्या कचेरीत खुर्चीवर बसली, आणि एकदा खुर्चीची ऊब लागली की ढुंगणाला बांध टोचतो. नऊ वर्षांनी खाण बंद पडली. खुर्चीवाले खुर्च्या शोधत शहरात गेले, ते गेलेच. थोरलीचे तिघंही त्यातच. परवा मोठ्याला फोन केला तर म्हणाला, आई, पाणी टँकरनं विकत घे. गव्हाच्या रानाला टँकर! हा तिच्या पोटचा, आणि ह्याला वर साहेब म्हणतात.

मागं राहिले ते परके. थोरलीच्या गोठ्यात अकरा वर्षं राहणारी कुदळी त्यातलीच. खाणीत पुरुषाच्या बरोबरीनं कुदळ चालवायची म्हणून हे नाव. नवरा खाणीच्या धुळीनं गेला, ती मुलीला घेऊन राहिली. थोरलीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की, आमच्या माठाला हात लावायचा नाही. कुदळीनं अकरा वर्षांत लावला नव्हता. मागितलंही नव्हतं काही. तिचा हा ताठा थोरलीला फार खुपायचा, कारण तो ओळखीचा वाटायचा.

दुपारपर्यंत थोरलीची तीन पावलं झाली. गुडघा गाळात रुतला की हातानं उपटून काढावा लागे. जीपवाला काठावरून म्हणाला, ‘‘काकू, सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही तुमचा.’’

‘‘तुझा तर सुंभही उसना,’’ थोरली म्हणाली आणि खोरं उगारायला गेली, ती चिखलात बसलीच.

लोक हसायच्या आत कुणीतरी पाटात उडी मारली. कुदळी. तिनं थोरलीला काखेत धरून उभं केलं, हातातलं खोरं काढून घेतलं आणि त्या खोऱ्याकडंच तुच्छतेनं बघितलं.

‘‘असं धरतात होय? गाळ काढताय का वरण ढवळताय? सरका बाजूला. सकाळपासून बघवत नाही मला.’’

आणि तिनं ओढायला सुरुवात केली. पाच पावलं झाली तेव्हा जीपवाल्याला कंठ फुटला. भाड्याचं माणूस चालत नाही, नियम ह्यांच्याच सासऱ्याचा, असं तो पाटकऱ्याला ओरडून सांगायला लागला. पाटकरी, पाळ्या लावणारा म्हातारा, वही घेऊन आला. त्यालाही नको होतं हे, पण नियम तो नियम.

‘‘काकू, एकच विचारतो. ही तुमच्या चुलीवर जेवते का?’’

सगळे हात थांबले. थोरली आयुष्यात खोटं बोलली नव्हती, निदान चारचौघांत तरी नाही. तिनं कुदळीकडं बघितलं. कुदळीनं नजर खाली घेतली नाही, मदतही केली नाही.

‘‘डबा उघड गं,’’ थोरली म्हणाली.

कुदळीनं काठावरचा डबा आणून उघडला. थोरली बांधावर बसली, चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि सगळ्या गावादेखत त्यातला घास तोंडात घातला. चावला. गिळला. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, ‘‘मीठ किती घातलंयस? हजारदा सांगितलं, जपून घाल. हात आहे का खोरं?’’

पाटकऱ्यानं वही मिटली. ‘‘भाड्याच्या माणसाला मिठावरून कोण बोलतं? घरचीच आहे. पाळी लावली.’’

जीपवाला उठून घराकडं पळाला. त्या पळण्याला दम होता, गाळ काढायला मात्र नव्हता. तासाभरात त्यानं आपला भाडेकरू आणला, डब्यासकट. त्याचं बघून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. दिवस कलेपर्यंत ज्या गावानं ह्या लोकांना रेशनच्या यादीत घेतलं नव्हतं, ते बांधावर रांगेनं बसून त्यांच्याच डब्यातलं खात होतं आणि मिठाला नावं ठेवत होतं. जीपवाल्याचा घास तर इतका तिखट निघाला की डोळ्यांतून पाणी आलं. थोरलीला वाटलं, चला, पाटाआधी ह्याला पाणी सुटलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना पाणी आलं, गव्हात शिरलं. ते बघून थोरली घरी परतली तर गोठ्याच्या दारात चुलीचे तीन दगड उलटे पडलेले, राख झाडून काढलेली. आत स्वयंपाकघरात कुदळी उभी, काखेत पिठाचा डबा, मागं मुलगी.

‘‘चूल एक म्हणालात ना गावासमोर,’’ ती म्हणाली. ‘‘माझी मोडली मी.’’

थोरली उंबऱ्यात थांबली. तिनं माठाकडं बघितलं, मुलीकडं बघितलं. मग पदर खोचून जाळाला फुंकर मारली आणि मागं न बघता म्हणाली, ‘‘मीठ वरच्या फळीवर आहे. आणि खरंच जास्त होतं काल.’’