अठरा श्वास

आमच्या बॅचमध्ये सगळ्यात भरभर काम करणारी मी. हे मी म्हणत नव्हते, सगळेच म्हणायचे, आणि ऐकून ऐकून मी चांगलीच शेफारले होते. पेशंटला न उठवता पलंगाची चादर बदलायची, तर बाकीच्या मुली अजून टोकं खोचत असायच्या आणि मी पुढच्या पलंगाला हात घातलेला असायचा. आई फोनवर मावशीला सांगायची, "काय चपळ हात आहेत हिचे!" मी शेजारी बसून ऐकलंच नाही असं दाखवायची आणि शब्द न् शब्द ऐकायची.

आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टरना आम्ही मिनिटबाई म्हणायचो. श्वास मोजायचे तर पूर्ण एक मिनिट, हा त्यांचा हट्ट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं त्यांना चालायचं नाही. आपले श्वास मोजतायत हे पेशंटला कळलं, की तो वेगळेच श्वास घ्यायला लागतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघत असल्याचं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. "बाकी सगळं यंत्र सांगतं, हे एक सांगत नाही. आणि माणूस बिघडायला लागला की बऱ्याचदा आधी हेच बिघडतं," हे त्या दर आठवड्याला ऐकवायच्या. मागच्या बाकावर आम्ही त्यांच्याबरोबर ओठ हलवायचो.

वॉर्डात गेल्यावर कळलं, की श्वास फारसं कुणी मोजतच नाही. तक्त्यावर वरपासून खालपर्यंत अठरा, वीस, अठरा, वीस. महिन्याभरात मीही टेबलाशी बसून अठरा टाकायला शिकले. आठ पलंग, वीस मिनिटं. माझ्याइतकं लवकर कुणाचंच उरकायचं नाही.

सहा नंबरच्या पलंगावर तेव्हा एक गवंडीकाका होते. पोटाच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. त्यांची बायको शेजारच्या स्टुलावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेली असायची, समोर भिंतीवरचं मोठं घड्याळ. मी त्यांना काकू म्हणायचे आणि त्या मला सिस्टर म्हणायच्या. मी अजून शिकाऊ, त्यामुळे नुसतं 'सिस्टर' ऐकलं तरी अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास काकूंनी मला थांबवलं. "सिस्टर, आज यांना धाप लागल्यासारखी वाटते का हो?"

मी काकांकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते हातातल्या तक्त्याकडे. त्यावरचा आकडा मीच दहा मिनिटांपूर्वी टाकला होता. "अठरा आहेत काकू, एकदम नॉर्मल. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. जा, दोन घास खाऊन या."

"तुम्ही सांगितलंत, बरं वाटलं," असं म्हणून त्या डबा घेऊन खरंच खाली गेल्या.

दुपारी दोन वाजता काकांचे ओठ निळसर पडले. धावपळ झाली, त्यांना वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात हलवलं. फुप्फुसात जंतू शिरले होते. सकाळीच लक्षात आलं असतं तर ही वेळ आली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तक्ता उलगडला. "सकाळी तर अठरा होते. म्हणजे अचानकच झालं."

मिनिटबाईंनी मला बाजूला घेतलं. "मोजले होतेस?"

"हो."

"पूर्ण मिनिट?"

"हो, सिस्टर."

मला वाटलं होतं, त्यांना खोटं लगेच कळेल. त्यांनी फक्त मान हलवली आणि गेल्या. बॅचमधली हुशार मुलगी मी, माझ्यावर कोण कशाला संशय घेईल? माझी मलाच किळस आली.

घरी आई माझा गणवेश इस्त्रीला घेऊन बसली होती. मी म्हटलं, "राहू दे, मी करते." तर म्हणाली, "दिवसभर तू लोकांचं करतेस, तुझं कुणी करायचं?" मी उठून न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले.

चार दिवस जीव टांगणीला लागला होता. खरं सांगायचं तर तो सगळा काकांसाठी नव्हता. ते गेले तर माझं कसं होणार, हाही हिशोब मनात चालू होता, आणि त्याची लाज अजून जात नाही. पाचव्या दिवशी काका खाली आले, अर्धे झालेले, पण आले.

काकूंनी मला हाक मारली. "सिस्टर, एक काम होतं. मला श्वास मोजायला शिकवता? घरी नेल्यावर लागेल."

मी काकांच्या मनगटावर बोटं ठेवून दाखवलं. छाती कशी वर येते, घड्याळाचा लाल काटा कुठून धरायचा, सगळं सांगितलं. काकू ओठ हलवत मोजत होत्या. मीही मोजत होते.

"चोवीस," त्या म्हणाल्या.

माझेही चोवीसच होते. "बरोबर आलं, काकू."

"मग त्या दिवशी कसं चुकलं हो माझं?" त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "त्या दिवशीही मी याच घड्याळावर मोजले होते. तीनदा. अडतीस, एकोणचाळीस, पुन्हा अडतीस. तुम्ही अठरा सांगितलंत, तेव्हा म्हटलं, आपली शाळा चौथीपर्यंत, आपल्याला कुठलं जमायला. डॉक्टरांना सांगणार होते, पण हसतील म्हणून गप्प बसले. माझ्या अडाणीपणापायी हे मरता मरता वाचले. मुलाला तर मी अजून सांगितलंही नाही."

श्वास कमीजास्त होत असतात, काकू, एवढं म्हटलं की मी सुटले असते. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण ही बाई ते ओझं जन्मभर वागवणार होती, आणि ओझं माझं होतं.

"तुमचं चुकलं नव्हतं," मी म्हटलं. "अडतीसच असतील. मी मोजलेच नव्हते. तिकडे टेबलाशी बसून अठरा लिहिले."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काकांचं मनगट माझ्या बोटांखालून हळूच काढून घेतलं आणि स्वतःच्या मांडीवर ठेवलं.

तिथून मी थेट मिनिटबाईंकडे गेले. डॉक्टरांसमोर त्यांनी मला तो अठरा एका रेघेने खोडायला लावला, शेजारी 'मोजले नाहीत' असं लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. शिवाय त्याच वॉर्डात सहा आठवडे पुन्हा. आईला मी सगळं सांगितलं. मावशीचा फोन आला, तेव्हा आईने माझा विषयच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सहा नंबरला गेले. काकांच्या छातीवर नजर ठेवून पूर्ण मिनिट मोजलं. "बावीस आहेत, काकू."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मान वर करून घड्याळाकडे पाहिलं, लाल काटा बारावर यायची वाट पाहिली, आणि ओठ हलवत एकपासून मोजायला लागल्या. माझे अजून दोन पलंग बाकी होते. त्यांचं मोजून होईपर्यंत मी आकडा न लिहिता तिथेच उभी राहिले.